जावा क्लासचे गुणधर्म एक्सएमएल ॲट्रिब्यूटशी ॲनोटेशनने कसे जोडावेत

प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) एक्सएमएल फाइलमधून ग्राहकाचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता वाचून तो जावा ऑब्जेक्टमध्ये भरायचा आहे आणि त्यावरून संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी वेगळी एक्सएमएल नोंद लिहायची आहे. मूळ फाइलमध्ये ही माहिती ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे एलिमेंटच्या सुरुवातीच्या टॅगमध्ये नाव आणि किंमत अशा जोडीत असते. क्लासमधील खासगी फील्डवर @एक्सएमएल-ॲट्रिब्यूट हे ॲनोटेशन (कोडवर @ ने लावायची सूचना) लावल्यावर 'एकाच नावाचे दोन गुणधर्म आहेत' असा एरर आला. तोच क्लास स्प्रिंग हे जावाचे फ्रेमवर्क वापरणाऱ्या दुसऱ्या एका प्रकल्पात नेला, तेव्हा एरर आला नाही, पण बाहेर पडलेल्या एक्सएमएलमध्ये सगळे गुणधर्म एलिमेंट म्हणून उतरले, जणू ॲनोटेशन नव्हतेच. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही, म्हणून त्या एकामागून एक घेतो. त्यानंतर जे लिहिले आहे ते प्रश्नात विचारलेले नाही, पण हा कोड प्रत्यक्ष वापरात गेल्यावर अडचणी तिथूनच येतात.

पहिल्या एररचे कारण जॅक्सबीच्या, म्हणजे जावा ऑब्जेक्टचे एक्सएमएल आणि एक्सएमएलचे ऑब्जेक्ट करणाऱ्या लायब्ररीच्या, पूर्वनिर्धारित वागणुकीत आहे. क्लासवर काहीच सांगितले नसेल, तर जॅक्सबी सार्वजनिक गेटर-सेटरची (किंमत देणाऱ्या आणि भरणाऱ्या पद्धतींची) प्रत्येक जोडी आणि प्रत्येक सार्वजनिक फील्ड हा एकेक गुणधर्म मानते आणि तो एलिमेंट म्हणून जोडते. खासगी फील्ड तिच्या हिशेबात नसते; मात्र त्यावर तुम्ही स्वतः ॲनोटेशन लावले, की ते फील्डही हिशेबात येते. आता पिनकोड नावाचे फील्ड ॲट्रिब्यूट म्हणून आणि पिनकोडचा गेटर एलिमेंट म्हणून, असे एकाच नावाचे दोन दावेदार उभे राहतात आणि जॅक्सबीचा संदर्भ (कॉन्टेक्स्ट) तयार होतानाच काम थांबते. उपाय दोन आहेत: ॲनोटेशन फील्डवरून उचलून गेटरवर ठेवावे, किंवा क्लासवर @एक्सएमएल-ॲक्सेसर-टाइप लावून त्यात 'फील्ड' हा पर्याय द्यावा, म्हणजे गेटर-सेटरकडे जॅक्सबी पाहणारच नाही. मी दुसरा उपाय निवडतो. गेटरमध्ये पुढे कोणी ना कोणी मोठी अक्षरे करणे, रिकामी जागा काढणे असे काहीतरी घालतेच, आणि मग फाइलमध्ये काय जाते हे गेटर वाचल्याशिवाय कळत नाही. फील्डवर जोडणी असली, की क्लास उघडताच पूर्ण नकाशा दिसतो.

पत्त्याच्या क्लासमधील दोन फील्ड अशी दिसतील. इथे सगळे शब्द देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ते जावाच्या नेहमीच्या रोमन रूपात येतील.

@एक्सएमएल-ॲक्सेसर-टाइप(एक्सएमएल-ॲक्सेस-टाइप.फील्ड)
पब्लिक क्लास पत्ता {
    @एक्सएमएल-ॲट्रिब्यूट(नेम = "पीसी")
    प्रायव्हेट स्ट्रिंग पिनकोड;

    @एक्सएमएल-ॲट्रिब्यूट(नेम = "डिस्ट")
    प्रायव्हेट स्ट्रिंग जिल्हा;
}

फाइलमधील नावे आखूड आहेत: पिनकोडला दोन अक्षरे, ईमेलला एक, मोबाइलला एक. ती तशीच कोडमध्ये आणू नयेत. 'नेम' हा घटक त्याचसाठी आहे. बाहेरचे नाव तिथे बंदिस्त करावे आणि आत अर्थपूर्ण नाव ठेवावे. विशेषतः मोबाइलच्या त्या एका अक्षराबाबत सावध राहावे. त्या ॲट्रिब्यूटमध्ये क्रमांक नसून क्रमांकाचा हॅश (क्रमांकावरून काढलेला संकेत, ज्यावरून क्रमांक थेट वाचता येत नाही) असतो, ईमेलचेही तसेच. फील्डला 'मोबाइल' असे नाव दिले, तर पुढच्या माणसाला तिथे दहा अंकी क्रमांक अपेक्षित असणार. 'मोबाइल-हॅश' असे नाव दिले, तर तो प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या तक्रारीचे निदान लक्षणांवरूनच करता येते. सर्व गुणधर्म एलिमेंट म्हणून आले याचा अर्थ ॲनोटेशन कोणी वाचलेच नाही, आणि असे होण्याची दोन नेहमीची कारणे आहेत. एक कारण पॅकेजच्या नावाचे. जॅक्सबी 2006 साली आलेल्या जावा 6 पासून जावासोबतच मिळत असे, जावा 9 मध्ये ती काढून टाकण्यासाठी चिन्हांकित झाली आणि 2018 च्या जावा 11 मधून ती प्रत्यक्षात वगळली गेली. पुढे हे काम एक्लिप्स फाउंडेशनकडे गेले आणि तिसऱ्या आवृत्तीपासून पॅकेजच्या नावाच्या सुरुवातीचे 'जावाएक्स' जाऊन तिथे 'जकार्ता' आले. ॲनोटेशनचे नाव तेच, घटक तेच, पण जावाच्या दृष्टीने हे दोन पूर्ण वेगळे प्रकार आहेत. जुन्या पॅकेजचे ॲनोटेशन आणि नव्या पॅकेजचे रनटाइम (प्रत्यक्ष काम करणारा लायब्ररीचा भाग) असे एकत्र आले, तर रनटाइम त्या ॲनोटेशनकडे ढुंकूनही पाहत नाही. मात्र त्या परिस्थितीत मूळ एलिमेंटचे ॲनोटेशनही दिसेनासे होते, त्यामुळे ऑब्जेक्ट लिहायला घेताच '@एक्सएमएल-रूट-एलिमेंट सापडत नाही' अशी तक्रार येते. तुमच्याकडे काहीच तक्रार आली नाही, म्हणून मला संशय दुसऱ्या कारणाचा आहे.

ते दुसरे कारण म्हणजे एक्सएमएल लिहिणारी लायब्ररी जॅक्सबी नाहीच. स्प्रिंग प्रकल्पाच्या डिपेंडन्सीमध्ये जॅक्सन या दुसऱ्या रूपांतर-लायब्ररीचा एक्सएमएल भाग असेल, तर स्प्रिंग वेबच्या उत्तरांसाठी जॅक्सनला प्राधान्य देते आणि जॅक्सबी मागे राहते. जॅक्सनला जॅक्सबीची ॲनोटेशन आपसूक कळत नाहीत. याची एक खूण लगेच तपासता येते: बाहेर पडलेल्या एक्सएमएलचे सर्वांत वरचे एलिमेंट पाहा. तिथे तुम्ही ॲनोटेशनमध्ये दिलेले नाव नसून क्लासचे नाव जसेच्या तसे, पहिल्या मोठ्या अक्षरासह आले असेल, तर लिहिणारा जॅक्सन आहे. मग एक तर जॅक्सनचे स्वतःचे प्रॉपर्टी ॲनोटेशन वापरून त्यात 'इज-ॲट्रिब्यूट' खरे करावे, किंवा जॅक्सबीची ॲनोटेशन वाचणारे जॅक्सनचे जोड-मॉड्यूल नोंदवावे. या मॉड्यूलचेही जुन्या आणि नव्या पॅकेजसाठी दोन अवतार आहेत, तेव्हा आपल्या ॲनोटेशनशी जुळणारा निवडावा. एकाच क्लासवर दोन्ही लायब्रऱ्यांची ॲनोटेशन लावणे चालते, पण मी ते टाळतो. काही महिन्यांनी एका बाजूचे नाव बदलले जाते आणि दुसऱ्या बाजूचे तसेच राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एक्सएमएलमध्ये ॲट्रिब्यूट म्हणजे एक नाव आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत साधा मजकूर. त्याच्या पोटात दुसरी रचना असू शकत नाही आणि एका एलिमेंटवर एकाच नावाचे दोन ॲट्रिब्यूट असू शकत नाहीत. त्यामुळे जो गुणधर्म मजकुराच्या एका तुकड्यात मावतो, तोच ॲट्रिब्यूट होऊ शकतो. स्ट्रिंग, पूर्णांक, बिग-डेसिमल, बूलियन, एनम (ठरावीक किमतींचा प्रकार) हे सरळ चालतात. पत्ता हा स्वतःच्या फील्डसह येणारा क्लास आहे. त्यावर @एक्सएमएल-ॲट्रिब्यूट लावल्यास 'एक्सएमएलमध्ये मजकूर होऊ शकेल असा प्रकार हवा' अशा अर्थाचा एरर येतो. तो एरर नेहमी योग्यच असतो, त्याच्याशी भांडत बसू नये.

जन्मतारखेबाबत मात्र मध्यम मार्ग काढावा लागतो. जावा 8 मधील लोकल-डेट हा प्रकार जॅक्सबीला ओळखीचा नाही, म्हणून मजकूर आणि तारीख यांच्यामध्ये दुभाषा ठेवावा लागतो. एक्सएमएल-ॲडॅप्टरपासून एक छोटा क्लास काढून त्यात मजकुराची तारीख करणारी आणि तारखेचा मजकूर करणारी अशा दोन पद्धती लिहायच्या, आणि फील्डवर @एक्सएमएल-जावा-टाइप-ॲडॅप्टर लावून त्याचे नाव द्यायचे. ई-केवायसी फाइलमध्ये तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी आडव्या रेघांनी जोडलेली असते, तर एक्सएमएल स्कीमाच्या (फाइलची रचना आणि किमतींचे प्रकार सांगणाऱ्या नियमावलीच्या) तारखेत वर्ष आधी येते. म्हणजे वाचायचा ॲडॅप्टर आणि स्वतःच्या नोंदीत लिहायचा ॲडॅप्टर हे दोन वेगळे ठेवावे लागतील. शिवाय अनेक जुन्या आधार कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसून फक्त जन्मवर्ष असते. खेड्यापाड्यांतील वयस्क ग्राहकांच्या बाबतीत हे सर्रास आढळते. चार अंकी वर्ष समोर आले, तर ॲडॅप्टरने काय करायचे हे आधी ठरवावे. त्या वर्षाची 1 जानेवारी धरून पुढे जाणे हा सोपा मार्ग आहे आणि तो चुकीचा आहे, कारण नंतर ती खरी तारीख की मानलेली, हे सांगता येत नाही. मी अशा ठिकाणी लोकल-डेट सोडून देतो आणि 'जन्मनोंद' असा लहान क्लास करतो, ज्यात वर्ष सक्तीचे आणि दिवस-महिना ऐच्छिक असतात. ॲडॅप्टर मजकुरावरून तो क्लास तयार करतो आणि बाहेरून तो अजूनही एकच ॲट्रिब्यूट राहतो.

यावरून पुढचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग निघतो: ॲट्रिब्यूट नसणे, ॲट्रिब्यूट रिकामा असणे आणि ॲट्रिब्यूटची किंमत शून्य असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जावातील प्रकार निवडताना तुम्ही नकळत त्यांतील फरक पुसून टाकता. फील्ड आद्य पूर्णांक, म्हणजे 'इंट' असेल, तर त्याला 'नल' (किंमतच नाही) ही अवस्थाच नाही. वाचताना ॲट्रिब्यूट नसला तरी शून्य, लिहिताना काही भरले नसले तरी शून्य. मुदत ठेवीची मुदत शून्य महिने आणि मुदत नोंदवलीच नाही यांत कार्यालयाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे 'इंटिजर' हा वेष्टित प्रकार घ्यावा. त्याची किंमत 'नल' असली, की जॅक्सबी तो ॲट्रिब्यूट लिहितच नाही. बूलियनचेही तेच. एलिमेंटला 'हे जाणूनबुजून रिक्त आहे' असे सांगण्यासाठी 'निल' खूण लावता येते. ॲट्रिब्यूटला तशी सोय नाही. तो असतो किंवा नसतो.

स्ट्रिंगच्या बाबतीत पत्त्याचे उदाहरण बोलके आहे. पत्त्यातील खूण, गल्ली, घर क्रमांक यांपैकी एखादा भाग नसेल, तर तो ॲट्रिब्यूट रिकाम्या अवतरणचिन्हांसह येऊ शकतो किंवा मुळातच नसू शकतो. पहिल्या स्थितीत तुमच्या हाती रिकामी स्ट्रिंग येते, दुसऱ्या स्थितीत 'नल'. पत्ता जोडून एका ओळीत छापणारा कोड यांतल्या एकाचाच विचार करून लिहिलेला असला, की छापील पत्त्यात लागोपाठ दोन स्वल्पविराम किंवा चक्क 'नल' हा शब्द दिसू लागतो. दोन्ही एकच मानायचे असतील, तर ते ॲडॅप्टरमध्ये एकदाच करावे, प्रत्येक गेटरमध्ये नाही.

पिनकोड, सदस्य क्रमांक, मोबाइल क्रमांक यांना पूर्णांक करण्याचा मोह टाळावा. पिनकोडची कोणी बेरीज करत नाही. सदस्य क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर पूर्णांकात ते शून्य गळते आणि परत लिहिताना फाइल बदललेली असते.

ॲनोटेशनमधील 'रिक्वायर्ड' या घटकावर बहुतेकांचा अवास्तव भरवसा असतो. तो खरा केला म्हणजे ॲट्रिब्यूट नसलेली फाइल वाचताना अडेल असे वाटते. तसे होत नाही. क्लासवरून स्कीमा तयार करताना त्या ॲट्रिब्यूटपुढे 'सक्तीचा' असे लिहिले जाते, एवढाच त्याचा परिणाम. वाचताना ॲट्रिब्यूट नसला तर फील्ड 'नल' राहते, लिहिताना फील्ड 'नल' असले तर ॲट्रिब्यूट गाळला जातो, आणि दोन्ही वेळा सगळे सुरळीत असल्यासारखे काम पुढे जाते. पूर्वनिर्धारित किंमत देण्याची सोय एलिमेंटच्या ॲनोटेशनमध्ये आहे. ॲट्रिब्यूटच्या ॲनोटेशनमध्ये तो घटकच नाही. स्कीमावरून क्लास तयार करणारे साधनसुद्धा ॲट्रिब्यूटची पूर्वनिर्धारित किंमत गेटरमध्ये 'नल असेल तर हे परत कर' अशा अटीने लिहिते. तुमची जोडणी फील्डवर असेल, तर असा गेटर तुम्हीही लिहू शकता. फाइलमध्ये मात्र ती किंमत जाणार नाही, हे ध्यानात असू द्यावे.

याहून घातक आहे ती जॅक्सबीची गप्प राहण्याची सवय. पूर्णांक अपेक्षित असलेल्या ॲट्रिब्यूटमध्ये अक्षरे आली, एनममध्ये नसलेली किंमत आली, ॲडॅप्टरने अपवाद (एक्सेप्शन) फेकला, यांपैकी काहीही झाले तरी दुसऱ्या आवृत्तीपासून वाचन थांबत नाही. ते फील्ड न भरता पुढे सरकते. पहिल्या आवृत्तीत ते थांबत असे. बूलियनला एक्सएमएल स्कीमा 'ट्रू', 'फॉल्स', 1 आणि 0 एवढेच मानते, म्हणजे होय-नाहीची आद्याक्षरे लिहिणारी फाइल आली, की ॲडॅप्टरशिवाय हाती काही लागत नाही. मराठी वातावरणात आणखी एक खास प्रसंग येतो. हाताने भरलेल्या किंवा जुन्या प्रणालीतून काढलेल्या फाइलमध्ये मुदत '१२' अशी देवनागरी अंकांत असते. जावाची स्वतःची पार्स-इंट पद्धत देवनागरी अंक विनातक्रार वाचते, म्हणून चाचणी लिहिणाऱ्याला वाटते की इथेही चालेल. पण एक्सएमएल स्कीमाच्या पूर्णांकात केवळ 0 ते 9 हेच अंक धरले जातात आणि जॅक्सबी त्याच नियमाने वाचते, त्यामुळे ती मुदत निमूटपणे हरवते. असे अंक येण्याची शक्यता असेल, तर पार्स-इंट वापरणारा ॲडॅप्टर लावावा, म्हणजे दोन्ही प्रकारचे अंक वाचले जातील आणि लिहिताना एकच प्रकार बाहेर पडेल.

ही शांतता मोडायची असेल, तर वाचकावर, म्हणजे जॅक्सबीच्या अनमार्शलरवर, घटना-हँडलर (चूक आढळताच बोलावला जाणारा कोड) लावावा. लायब्ररीसोबत येणारा साधा हँडलर चूक कुठल्या ओळीवर झाली ते छापतो आणि वाचन थांबवतो; माझ्या मते नव्या कोडमध्ये तो पहिल्या दिवसापासून असावा. तुमच्या फाइलबाबत त्याचा एक परिणाम आधीच सांगून ठेवतो. ई-केवायसी फाइलमध्ये माहितीच्या भागानंतर डिजिटल सहीचे एलिमेंट असते. तुमच्या क्लासमध्ये त्यासाठी जागा नसेल, तर हँडलर नसताना ते दुर्लक्षित होते, पण हँडलर लावताच 'अनपेक्षित एलिमेंट' म्हणून पूर्ण वाचन अडते. त्यासाठी मूळ क्लासमध्ये @एक्सएमएल-एनी-एलिमेंट लावलेले एक फील्ड ठेवावे. सही तिथे जाऊन बसेल. अनोळखी ॲट्रिब्यूटची गोष्ट निराळी आहे. हँडलर असला तरी ते कळतेच असे नाही. त्यांना पकडायचे असेल, तर @एक्सएमएल-एनी-ॲट्रिब्यूट लावलेला मॅप ठेवावा, ज्यात नाव आणि मजकूर अशा जोड्या जमा होतात. आणि फाइल काटेकोरपणे तपासायचीच असेल, तर वाचकाला स्कीमा द्यावा. स्कीमा दिला, की सक्तीचा ॲट्रिब्यूट नसणे, नको तो ॲट्रिब्यूट असणे, किंमत चुकीची असणे हे तिन्ही उघडे पडतात.

सहीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठामपणे सांगतो. सही पडताळण्यासाठी जावा ऑब्जेक्टवरून पुन्हा तयार केलेले एक्सएमएल कधीही वापरू नये. ॲट्रिब्यूटचा क्रम बदलला तर बिघडेल, अशी भीती अनेकांना असते. ती निराधार आहे, कारण एक्सएमएलमध्ये ॲट्रिब्यूटच्या क्रमाला अर्थ नाही आणि सहीपूर्वी होणाऱ्या प्रमाणीकरणात (मजकूर एका ठरावीक रूपात आणण्यात) ते ठरलेल्या क्रमानेच लावले जातात. बिघडते ते दुसरीकडे. ॲडॅप्टरने रिकामा ॲट्रिब्यूट 'नल' केला की तो परत लिहिला जात नाही, अनोळखी ॲट्रिब्यूट गळून पडतो, तारखेचे रूप बदलते, आणि सही जुळत नाही. योग्य क्रम असा: मूळ फाइल एकदाच डॉममध्ये (फाइलच्या मेमरीतील झाडासारख्या रूपात) वाचावी, सही त्या डॉमवर पडताळावी, आणि तोच डॉम जॅक्सबीच्या वाचकाला द्यावा. त्यामुळे पडताळलेला मजकूर आणि ऑब्जेक्टमध्ये उतरलेला मजकूर एकच असल्याची खात्री राहते. डॉम तयार करणाऱ्या कारखान्यात (फॅक्टरी क्लासमध्ये) नेमस्पेसची, म्हणजे नाव कोणत्या शब्दसंचातले हे सांगणाऱ्या पत्त्याची, जाण मुळात बंद असते, ती चालू करावी. नाहीतर सही सापडणार नाही आणि जोडणीही फसेल. फाइल बाहेरून येते, म्हणून डॉकटाइप घोषणा (फाइलच्या सुरुवातीची, बाहेरचा मजकूर आत ओढू शकणारी ओळ) स्वीकारणे त्याच ठिकाणी बंद करून टाकावे.

नावांबाबत दोन गोष्टी. एक्सएमएल लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते. 'नेम' दिले नाही, तर जॅक्सबी फील्डचे नाव जसेच्या तसे घेते, आणि जावात ते सहसा लहान अक्षराने सुरू होते. ई-केवायसी फाइलमध्ये ओळख आणि पत्ता यांची एलिमेंट मोठ्या अक्षराने सुरू होतात, तर त्यांवरील ॲट्रिब्यूट लहान अक्षराने. एलिमेंटचे नाव ॲनोटेशनमध्ये न देता फील्डवर सोपवले, तर ओळखीचा संपूर्ण भाग 'नल' येतो आणि दोष ॲट्रिब्यूटच्या जोडणीत आहे असे वाटून माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो. दुसरी गोष्ट नेमस्पेसची. फाइलवर पूर्वनिर्धारित नेमस्पेस लावलेले असले, तरी ते उपसर्ग नसलेल्या ॲट्रिब्यूटला लागू होत नाही. असा ॲट्रिब्यूट कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसतो. म्हणून एलिमेंटच्या ॲनोटेशनमध्ये नेमस्पेस लिहिले म्हणून ते ॲट्रिब्यूटच्या ॲनोटेशनमध्येही लिहू नये, नाहीतर किंमत सापडत नाही. अपवाद उपसर्गासह येणाऱ्या ॲट्रिब्यूटचा. मजकुराची भाषा सांगणारा 'एक्सएमएल' उपसर्गाचा ॲट्रिब्यूट हे त्याचे रोजचे उदाहरण. तिथे वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ठरवलेला नेमस्पेसचा पत्ता ॲनोटेशनमध्ये द्यावाच लागतो.

आता तुम्ही स्वतः जी नोंद लिहिणार आहात तिच्याकडे वळतो. तिथे काय ॲट्रिब्यूट करावे आणि काय एलिमेंट, हे तुमच्या हातात आहे. एक्सएमएलमध्ये एलिमेंट आणि ॲट्रिब्यूटची नावे देवनागरीत चालतात, त्यामुळे पुढची नोंद नियमाला धरून आहे.

<ग्राहक क्रमांक="00417" प्रकार="सभासद" नोंदणी="2024-06-03">
    <ठेव चलन="रुपये" मुदत="12">25000.00</ठेव>
    <शेरा>कागदपत्रे तपासली. पत्त्याचा पुरावा वेगळा जोडला आहे.</शेरा>
</ग्राहक>

इथे ओळख पटवणाऱ्या आणि वर्गीकरण करणाऱ्या गोष्टी ॲट्रिब्यूटमध्ये आहेत. 'प्रकार' हा एनम आहे. त्याच्या प्रत्येक किमतीवर @एक्सएमएल-एनम-व्हॅल्यू लावून फाइलमध्ये दिसणारा शब्द ठरवता येतो, म्हणजे कोडमधील स्थिरांकाचे नाव बदलले तरी फाइल बदलत नाही. शेरा एलिमेंटमध्ये आहे आणि त्याला कारण आहे: ॲट्रिब्यूटच्या किमतीतील नवी ओळ आणि टॅब एक्सएमएल वाचताना साध्या मोकळ्या जागेत बदलले जातात. दोन परिच्छेदांचा शेरा ॲट्रिब्यूटमध्ये घातला, तर वाचणाऱ्याला तो एका ओळीत मिळण्याची शक्यता आहे. छायाचित्रासारखी मोठी सामग्रीही एलिमेंटमध्येच शोभते. ई-केवायसी फाइलमध्येही छायाचित्र तसेच असते, आणि त्या फील्डचा प्रकार बाइटची ॲरे ठेवला, की बेस-64 चे रूपांतर जॅक्सबी स्वतः करते.

ठेवीची रचना नवख्यांना अडवते. आत रक्कम आणि वर चलन, मुदत असे ॲट्रिब्यूट. म्हणजे स्ट्रिंग किंवा बिग-डेसिमलचे नुसते फील्ड पुरत नाही. त्यासाठी 'ठेव' असा क्लास करून रकमेच्या फील्डवर @एक्सएमएल-व्हॅल्यू आणि बाकीच्या दोन फील्डवर @एक्सएमएल-ॲट्रिब्यूट लावायचे. ज्या क्लासमध्ये @एक्सएमएल-व्हॅल्यू आहे त्यात एलिमेंटला जोडलेले फील्ड ठेवता येत नाही, आणि तो क्लास दुसऱ्या क्लासपासून काढलेलाही चालत नाही. चलन, दिनांक अशी सामाईक फील्ड वरच्या क्लासमध्ये टाकण्याची सवय असेल, तर ती इथे मोडावी लागेल. जॅक्सनमध्ये हेच काम त्याचे स्वतःचे मजकूर-ॲनोटेशन करते.

यादीवर @एक्सएमएल-ॲट्रिब्यूट लावता येते. तिच्या किमती मोकळ्या जागेने तोडून एकाच ॲट्रिब्यूटमध्ये लिहिल्या जातात. शाखांच्या सांकेतिक क्रमांकांसाठी हे ठीक आहे. गावांच्या नावांसाठी नाही, कारण 'पिंपळगाव बसवंत' वाचताना दोन गावे होतील.

हीच कल्पना मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये जवळजवळ याच नावाने आहे, पण तिथून येणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. डॉटनेटचा एक्सएमएल-सिरियलायझर 'नल' होऊ शकणारा पूर्णांक ॲट्रिब्यूट म्हणून स्वीकारतच नाही आणि थेट अपवाद फेकतो. तिथे त्या गुणधर्माच्या नावापुढे 'स्पेसिफाइड' जोडलेला एक बूलियन ठेवून तो लिहायचा की नाही हे सांगावे लागते. जावातील 'इंटिजर' त्या मानाने सुटसुटीत आहे, फक्त तो 'इंट' करून टाकण्याची घाई कोणी करू नये.

शेवटी चाचणीचे. ऑब्जेक्ट लिहून तोच परत वाचणारी चाचणी या कामात फारशी उपयोगी नाही, कारण जोडणी दोन्ही बाजूंना सारखीच चुकलेली असली तरी ती उत्तीर्ण होते. ॲनोटेशन वाचले गेले नाही आणि सगळे एलिमेंट म्हणून गेले, तरी परत तेच ऑब्जेक्ट मिळते. त्याऐवजी हाताने लिहिलेल्या तीन छोट्या फाइल ठेवाव्यात: एक सर्व ॲट्रिब्यूट भरलेली, एक काही ॲट्रिब्यूट रिकामे असलेली, एक तेच ॲट्रिब्यूट वगळलेली. त्या वाचून प्रत्येक फील्ड तपासावे, आणि लिहिण्याच्या बाजूला बाहेर पडलेला मजकूर एक्सपाथने (एक्सएमएलमधील जागा शोधण्याच्या भाषेने) तपासून तिथे एलिमेंट नसून ॲट्रिब्यूटच आहे याची खात्री करावी. चाचणीच्या फाइलमध्ये खऱ्या ग्राहकाची माहिती घालू नये. ई-केवायसी फाइलच्या संदर्भ क्रमांकातसुद्धा आधारचे शेवटचे चार अंक असतात.